गाळ, द्राक्षे आणि हेतू

जालन्यात एखाद्या कारखान्याने झाडे लावली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'यात त्यांचा काय फायदा?' प्रश्न गैर नाही. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले. तेव्हापासून तर त्यात कायदा किती आणि कळवळा किती, हे उकलणे आणखी अवघड झाले. पण हेतूपाशीच थांबणारी आपली ही पारख मला अपुरी वाटते.

घाणेवाडीचा तलाव निजामकाळातला. त्याचे पाणी उताराने शहरात येते. २०१०च्या सुमारास त्यातला गाळ काढण्यासाठी घाणेवाडी जलसंरक्षण मंच उभा राहिला. त्यात व्यापारी-उद्योजकही होते. गाळ शेतकऱ्यांनी आपल्या रानात नेऊन टाकला. यात निःस्वार्थ कोण होते? बहुधा कोणीच नाही. शहराला पाणी हवे होते, शेतकऱ्याला माती. माझ्या मते या कामाचा भरवसा त्या उघड स्वार्थातच आहे. ज्याला स्वतःला तहान लागणार, तो पुढच्या वर्षीही तलावाकडे बघेल. फोटोपुरत्या लावलेल्या रोपाला नंतर पाणी कोण घालतो, हे आपण जाणतोच.

कडवंचीची गोष्ट उलटी. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून, मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीने गावाने शिवारभर बांधबंदिस्ती केली. विजयअण्णा बोराडे यांच्या हेतूबद्दल शंका घेणारा मला तरी भेटलेला नाही. म्हणूनच की काय, तिथे पुढचे प्रश्न विचारले जात नाहीत. पाणी मुरले, द्राक्षबागा आल्या, पैसा आला. बागांना उन्हाळ्यात पाणी हवे म्हणून प्लास्टिक अस्तराची शेततळी आली. महाराष्ट्रात अशी तळी पुष्कळदा पावसाने नव्हे, विहिरी-बोअर उपसून भरतात. सर्वांच्या जमिनीखालचे पाणी मग एकाच्या कुंपणात उघडे पडते आणि त्यातले काही वाफ होऊन जाते. बागायतदाराला मी दोष देत नाही; दुष्काळात बाग वाळू देणे म्हणजे कर्जात बुडणे. पण तळ्याएवढी जमीन ज्याच्याकडे नाही, त्याच्या विहिरीचे काय?

कारखान्याच्या अहवालात लावलेल्या झाडांचा आकडा असतो, जगलेल्यांचा क्वचित. यशोगाथांत शेततळी मोजलेली असतात. मे महिन्यातल्या विहिरींची पातळी नसते. ती मोजायला दोरी आणि दगड पुरतो.