‘नेहमी’ला टिक करणारे मामा आणि माझी रद्द झालेली प्रश्नावली

तुमच्यापैकी काही जणांनी माझा एक गुगल फॉर्म भरला असेल. पहिलाच प्रश्न होता, ‘लांबच्या प्रवासात तुम्ही क्रूझ कंट्रोल वापरता का?’ खाली पाच पर्याय: नेहमी, बहुतेक वेळा, कधीकधी, क्वचित, कधीच नाही. त्यानंतर ‘हे तंत्रज्ञान मला उपयुक्त वाटते’, ‘ते वापरणे सोपे आहे’ अशी विधानं आणि ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंतची पट्टी. वेळ काढून भरलात त्याबद्दल आभार. पण तो फॉर्म मी रद्द केलाय, आणि त्यावर उभं राहणारं प्रकरणही.

हा लेख त्याच फॉर्मची चिरफाड आहे. कारण पेटची तयारी करणारे, आराखडा लिहायला बसलेले बरेच जण मला जे नमुने पाठवतात, त्यात विषय बदलतो, साचा हाच असतो. म्हणून दुसऱ्याच्या कामावर टीका करण्याआधी स्वतःचंच काम पुढ्यात घेतो.

आधी विषय थोडक्यात. क्रूझ कंट्रोल म्हणजे गाडीचा वेग एका आकड्यावर बांधून ठेवणारी सोय. ताशी ८० ला बटण दाबलं की पाय काढला तरी गाडी ८० वरच राहते. ब्रेकला पाय लागला की सोय बंद. ही कल्पना अमेरिकेतल्या राल्फ टीटर या अभियंत्याची. त्याला १९५० मध्ये पेटंट मिळालं आणि १९५८ मध्ये क्रायस्लरच्या गाड्यांत ती आली. टीटर लहानपणापासून अंध होता. असं सांगतात की त्याचा वकील मित्र गाडी चालवताना बोलू लागला की वेग कमी करायचा आणि ऐकू लागला की वाढवायचा. त्या हिसक्यांना कंटाळून टीटरला हे सुचलं. म्हणजे कल्पना निघाली ती शेजारी बसून, लक्ष देऊन केलेल्या निरीक्षणातून. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता मामांकडे येऊ. माजलगावातल्या एका व्यापाऱ्याकडे ते गाडीवर आहेत. माझा फॉर्म त्यांनी माझ्यासमोरच भरला आणि ‘नेहमी’वर टिक केली. काही दिवसांनी सेठ छत्रपती संभाजीनगरला निघाले होते, मलाही तिकडे जायचं होतं, म्हणून पुढच्या सीटवर बसून गेलो. संशोधन वगैरे डोक्यात नव्हतं. पण नजर स्टिअरिंगवरच्या त्या बटणाकडे जातच होती.

माजलगाव ते गढी: बटणाला हात नाही. गाळपाचे दिवस, पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, त्याला ओलांडावं तर समोरून एसटी. गढीला सोलापूर–धुळे महामार्ग लागला, रस्ता चौपदरी झाला. तरी हात नाही. शहागडला गोदावरी ओलांडली, पाचोड गेलं, तरी नाही. पाठीमागून सेठ एवढंच म्हणाले, “मामा, जरा दाबा, उशीर व्हायलाय.” सेठ शहरात उतरले. परतीला आम्ही दोघंच होतो, रात्र झालेली. तेव्हाही मामांनी बटण दाबलं नाही.

शेवटी चहाला थांबलो तेव्हा विचारलं, “मामा, तुम्ही तर ‘नेहमी’ लिहिलं होतं.”

मामा हसले. “सर, गाडीत हाय म्हणल्यावर वापरत नाही असं कसं लिहू? सेठच्या कानावर गेलं तर वाटंल, मामाला ही गाडी जमंना.”

“मग सेठ असताना का नाही लावलं?”

“त्यांना मागून दिसतंय ना, पाय वर घेऊन बसलोय ते. झोपलाय का काय, म्हणतेत.”

“आणि आता तर सेठ नाहीत.”

“रात्रीचं लावतच नसतो. पायाला काम असलं की डोळा लागत नाही.”

तीन उत्तरं. माझ्या फॉर्ममध्ये यातल्या एकालाही जागा नव्हती. मामा खोटं बोलले असंही मी म्हणणार नाही. त्यांनी माझ्या प्रश्नाचं नाही, माझ्या प्रश्नामागे त्यांना जो प्रश्न दिसला त्याचं उत्तर दिलं. त्यांना दिसलेला प्रश्न होता: ‘तुम्हाला नवी गाडी नीट चालवता येते का?’

आता यातून पद्धतीचे दोष काढू.

पहिला दोष जुना आहे, पण दर पिढीत नव्याने होतो. रिचर्ड लापियर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९३० नंतरच्या काळात एका चिनी जोडप्यासोबत मोटारीने अमेरिकाभर प्रवास केला. तेव्हा तिथे चिनी लोकांबद्दल उघड द्वेष होता. तरी २५१ हॉटेलं आणि खानावळींपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. काही महिन्यांनी लापियरने त्याच ठिकाणांना पत्राने विचारलं, ‘चिनी गिऱ्हाईक घ्याल का?’ ज्यांनी उत्तर दिलं, त्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त जणांनी ‘नाही’ म्हटलं. हा लेख १९३४ मध्ये छापून आला. त्यावरही आक्षेप आहेत: पत्राला उत्तर देणारा आणि दारात स्वागत करणारा माणूस एकच होता कशावरून? सोबत गोरा प्राध्यापक नसता तर काय झालं असतं? आक्षेप रास्त आहेत. पण मुद्दा टिकून आहे: ‘तुम्ही काय कराल’ आणि ‘तुम्ही काय केलं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिल्यावरून दुसरी गृहीत धरता येत नाही. माझ्या फॉर्मने नेमकं तेच गृहीत धरलं होतं. त्यात भर म्हणजे फॉर्म मी समोर बसून भरून घेतला. समोर शिकलेला पोरगा, हातात मोबाइल. तिथे ‘कधीच नाही’ला टिक करायला हिंमत लागते.

दुसरा दोष शब्दाचा. ‘क्रूझ कंट्रोल’ म्हणताना माझ्या डोक्यात एक गोष्ट होती, भरणाऱ्यांच्या डोक्यात निदान तीन. बऱ्याच व्यावसायिक वाहनांना ताशी ८० च्या वर जाऊ न देणारा स्पीड गव्हर्नर बसवलेला असतो. मालवाहू गाडीच्या एका चालकाने मला सांगितलं, “आपल्याला तर कंपल्सरी हाय.” तो गव्हर्नरबद्दल बोलत होता. गव्हर्नर वेगाला वरून झाकण घालतो, चालकाला विचारत नाही, आणि पाय काढला की गाडी हळू होते. क्रूझ कंट्रोल चालकाने स्वतः लावायचं असतं. शिवाय २०२१ पासून आपल्याकडच्या एक्सयूव्ही ७०० सारख्या गाड्यांत रडारवर चालणारं क्रूझ आलं. ते पुढच्या गाडीचं अंतर बघून आपोआप वेग कमी-जास्त करतं. या तिन्हींचा चालकाच्या सवयीवर होणारा परिणाम वेगळा. मी तिन्हींची उत्तरं एका रकान्यात ओतली आणि सरासरी काढायला निघालो होतो. याला वैधतेचा प्रश्न म्हणतात: जे मोजतोय असं आपण म्हणतो, तेच मोजतोय का? व्याख्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात लिहून भागत नाही. ती उत्तर देणाऱ्याच्या तोंडून तपासून घ्यावी लागते. पाच जणांना विचारलं असतं की ‘क्रूझ म्हणजे काय ते तुमच्या शब्दांत सांगा’, तर एका दुपारीत हे कळलं असतं.

तिसरा दोष मला सगळ्यात गंभीर वाटतो. उपयुक्तता आणि सोपेपणा ही जोडी मी फ्रेड डेव्हिसच्या १९८९ च्या तंत्रज्ञान-स्वीकार प्रतिमानातून उचलली होती. ते प्रतिमान वाईट नाही. पण ते उभं राहिलं संगणकावर काम करणाऱ्या माणसांवर: ई-मेल वापरावं की नाही, हे बऱ्याच अंशी त्यांच्या हातात होतं. मामांच्या हातात काय आहे? वेग सेठ ठरवतात, वेळ सेठची, रस्ता उसाच्या ट्रॉलीचा, आणि पाय कुठे ठेवलाय यावरही मागून नजर. ज्याला निवड करायची मोकळीकच नाही, त्याची ‘पसंती’ मोजून हाती काय येणार?

आणि हा नुसता तांत्रिक वाद नाही. असे प्रबंध कसे संपतात ते तुम्ही वाचलंय. शेवटचं वाक्य ठरलेलं: ‘चालकांमध्ये जनजागृतीची गरज आहे.’ माझ्याही आराखड्यात ते होतं. एकाही चालकासोबत बसण्याआधी लिहिलेलं! म्हणजे मालकाची घाई, रस्त्याची अवस्था, अपुरी झोप हे सगळं बाजूला सारून दोष चालकाच्या अज्ञानावर टाकायचा, आणि त्यावर संशोधनाचा शिक्का मारायचा. मामांना जागृतीची गरज नव्हती. रात्री पायाला काम हवं, हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होतं.

मग हे मोजायचं कसं? चांगलं उदाहरण बघू. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षेच्या विमा संस्थेने, म्हणजे आयआयएचएसने, २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बोस्टन परिसरातल्या ४० चालकांना रडारवालं क्रूझ असलेल्या गाड्या चार आठवडे दिल्या आणि गाडीतल्या नोंदींवरून वेग पाहिला. त्यांच्या विश्लेषणात असं दिसलं की अशा सोयी चालू असताना चालक वेगमर्यादा ओलांडण्याची शक्यता २४ टक्क्यांनी जास्त होती.

इथे काय चांगलं आहे? चालकाला ‘तुम्ही मर्यादा पाळता का’ असं कुणी विचारलं नाही. त्याच चालकाचं सोय चालू आणि सोय बंद असं दोन्ही वेळचं वागणं हाताशी आलं, त्यामुळे ‘सावध माणसंच क्रूझ लावतात’ ही शंका बरीच कमी झाली. आणि तुलना मोकळ्या वाहतुकीतलीच घेतली, कारण लोक क्रूझ लावतातच मोकळ्या रस्त्यावर.

पण टाळ्या वाजवून पुढे जाऊ नका. २४ टक्के हा तुलनात्मक आकडा आहे. ‘२४ टक्के चालक मर्यादा मोडतात’ असा त्याचा अर्थ नाही. ही चूक बातम्यांत आणि दुर्दैवाने साहित्य-आढाव्यांतही सापडते. चालक ४० च, एका शहराच्या परिसरातले, गाड्या दुसऱ्याने दिलेल्या. तिथून थेट गढीच्या चौकात उतरता येत नाही.

समृद्धी महामार्गावर तरी उतरता येईल का? तो ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. बीड जिल्ह्यातून तो जात नाही, आपल्याला जालन्याच्या बाजूने गाठावा लागतो. मोटारींना मर्यादा १२० ची, समोरून वाहन नाही, दुचाकींना बंदी. क्रूझ लावायला इतका सोयीचा रस्ता आपल्याकडे दुसरा कुठला? तिथल्या अपघातांच्या चर्चेत ‘महामार्ग संमोहन’ हा शब्द येतो: सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे पण लक्ष सुटलेलं. यावर कुणीतरी लगेच लिहील, ‘क्रूझमुळे संमोहन होतं.’ थांबा. क्रूझ लावलं जातं सरळ, मोकळ्या रस्त्यावर. गुंगीही येते तिथेच. दोन्ही सोबत दिसले म्हणून एकामुळे दुसरं झालं असं होत नाही; रस्ता हे दोघांचंही कारण असू शकतं. शिवाय मामांसारखे चालक गुंगीच्या भीतीने क्रूझ लावतच नसतील, तर आकडे उलटे दिसतील: क्रूझ न लावणारेच जास्त पेंगताना सापडतील! म्हणून तोच चालक, तोच रस्ता, तीच वेळ, एकदा लावून आणि एकदा न लावून, अशी रचना लागते. आणि मामांचं म्हणणं खरं आहे का, तेही अशानेच कळेल. अनुभवाचा मान ठेवायचा म्हणजे तो न तपासता निष्कर्षात घालायचा नाही.

मी आता काय करतोय ते सांगतो. शेजारी बसून जातो, वही घेऊन. क्रूझ कधी लागलं, त्याहून जास्त ते कधी बंद झालं हे लिहितो. कारण बंद होण्याला जवळपास नेहमी काहीतरी कारण असतं: उलट दिशेने आलेली दुचाकी, म्हैस, मागून आलेला आवाज. गाडी चालू असताना प्रश्न विचारत नाही. चहाच्या थांब्यावर नोंद वाचून दाखवतो आणि विचारतो, ‘इथे का काढलं?’ गाडीत मालक होता की नाही, याचा वेगळा रकाना आहे. यालाही मर्यादा आहेत: मी शेजारी आहे म्हणून चालक वेगळा वागतो, आणि अशा फेऱ्या थोड्याच होतात. त्या मर्यादा मी लिहिणार आहे. पण मर्यादा माहीत असलेली थोडी माहिती मला भरलेल्या पाचशे फॉर्मपेक्षा उपयोगी वाटते.

प्रश्नावली टाकून द्या असं मी म्हणत नाही. माणसाला काय ठाऊक आहे, त्याचं मत काय, हे विचारायला ती ठीक आहे. तो किती वेळा काय करतो, हे विचारायला ती कच्ची आहे. तुमची प्रश्नावली काढा आणि प्रत्येक प्रश्नासमोर तीन गोष्टी लिहा: याचं खरं उत्तर दिल्यास कुणाचं काही बिघडतं का? हा शब्द सगळ्यांना एकच वाटतो का? उत्तर देणाऱ्याला निवड आहे का? जिथे अडखळाल, तिथे फॉर्म पाठवण्याआधी एखाद्याच्या शेजारी जाऊन बसा.

मामांना मी हे सगळं सांगितलं. म्हणाले, “बरं झालं फॉर्म काढला. पण सर, वहीत सेठचं नाव लिहू नका.” लिहिलेलं नाही. वहीतल्या नोंदींत नावं कशी लपवायची, आणि संमती नोकराची घ्यायची की मालकाचीही, यावर पुढच्या वेळी लिहितो.