मूर्ती मुलीची, नवस कोणाचा?

मंडळी, ग्रीक देवस्थानांतल्या मुलींच्या मूर्तींना 'कोरे' म्हणतात. कोरे म्हणजे मुलगी. आपल्या कोऱ्या कापडाशी संबंध नाही, बरं का! अंगभर वस्त्र, ओठांवर बारीकसं हसू. अथेन्सच्या अक्रोपोलिसवरच्या मूर्ती इ.स.पू. ४८० मध्ये इराणी सैन्याने फोडल्या, अथेन्सकरांनी त्या तिथेच पुरल्या, आणि १८८६ मध्ये त्यांतल्या चौदा एका खड्ड्यातून निघाल्या.

त्या पाहिल्या की आपण विचारतो, ही कोण? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. नॉलोकोस नावाच्या माणसाने समुद्रदेवाने दिलेल्या मिळकतीतला पहिला वाटा म्हणून कोरे वाहिली, असं तिथलाच एक लेख सांगतो. म्हणजे मूर्ती त्याच्या लेकीची असायलाच हवी असं नाही. वांद्र्याला मोत माउलीपुढे मेणाची बाहुली ठेवतात, तेव्हा ती कोणाचं मूल हे कुणी विचारतं का? नवस कोणाचा, हे विचारतात.

ब्राउरॉनला, आर्टेमिस देवीच्या ठाण्यात, हातात पक्षी किंवा ससा घेतलेल्या लहान मुली आहेत. तिथे मुली देवीच्या सेवेत 'अस्वल' होत, म्हणून या मूर्तींनाही सरसकट अस्वलं म्हणायची पद्धत पडली. पण तिथे मुलग्यांच्याही मूर्ती सापडल्यात! मला त्यात आधी आई-बापांची काळजी दिसते, विधी नंतर.

स्त्री स्वतः वाहते तेव्हा काय होतं? डेलोसला निकांद्रेने इ.स.पू. सातव्या शतकात माणसाएवढी मूर्ती वाहिली. लेखात तिचं नाव आहे, आणि लगेच अमक्याची मुलगी, तमक्याची बहीण, अमक्याची बायको.

हे ऐकून मला आपलं नाणेघाट आठवतं. वाशिंदहून लांब नाही. मुरबाडवरून माळशेजच्या रस्त्याने वैशाखरे, मग चढण. तिथल्या लेण्यात सातवाहन घराण्याच्या प्रतिमा होत्या. नवसाच्या नव्हेत, राजघराण्याच्या. आता पायांच्या खुणा उरल्यात, वर ब्राह्मीत नावं. राणी नागनिका आहे, राजा सातकर्णीच्या जोडीने. भिंतीवरच्या मोठ्या लेखात यज्ञ आणि दक्षिणेचा हिशेब आहे, गाई, हत्ती, घोडे, कार्षापण. आणि राणीची ओळख महारठीची मुलगी, राजाची पत्नी, राजपुत्राची आई अशीच. प्रतिमांवरच्या नावांत कुमार आहेत: भाय, हकुसिरी, सातवाहन. राजकन्या एकही नाही.

ब्राउरॉनला मुलींचे चेहरे आहेत, बहुतेकींची नावं गेलीत. नाणेघाटात नावं राहिली, पण त्यांत मुलगी नाही. पुढच्या वेळी घाट चढाल तेव्हा यज्ञांच्या यादीआधी ती नावांची ओळ बघा.