दुखणे, घर आणि मोर

आजारपणाविषयीचे आपले ख्रिस्ती लेखन बहुधा दोनच ठिकाणी रेंगाळते. एक रुग्णालयातील खाट आणि दुसरे कृतज्ञतेची मिस्सा. शस्त्रक्रियेला दोन पाने मिळतात, नोव्हेनाला एक, आणि घरी परतल्यानंतरच्या दीर्घ काळाची बोळवण एका वाक्यात होते: 'काही महिन्यांच्या विश्रांतीनंतर प्रकृती पूर्ववत झाली.' आम्हांला हे वाक्य नेहमीच खटकत आले आहे. पथ्याचे बेचव जेवण, औषधांच्या ठरलेल्या वेळा, ओटीवर खुर्ची टाकून घरच्यांची वर्दळ पाहत बसणे, हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून मोगऱ्याच्या कळ्या ओवणे किंवा जुन्या जपमाळांच्या तुटलेल्या कड्या जोडणे, हे सगळे त्या एका वाक्यात गडप झालेले असते. आणि माणूस खरे तर त्याच दिवसांत बरा होत असतो, किंवा बरे न होता जगायला शिकत असतो.

संत इग्नाती लोयोला यांच्या बाबतीतही आम्ही असेच करतो. १५२१ साली पाम्प्लोना येथे तोफगोळ्याने पाय मोडला, घरी पडल्या पडल्या त्यांनी ख्रिस्तचरित्र व संतचरित्रे वाचली, आणि त्यांचे परिवर्तन झाले. प्रवचनाला एवढे पुरते. परंतु त्यांच्या आत्मनिवेदनात त्या अंथरुणावरील रिकाम्या वेळेला फार मोठे स्थान आहे. मागितल्या होत्या शौर्यकथा. घरात त्या नव्हत्या, म्हणून हाती आली ही दुसरी पुस्तके. एका थोर कुळातील स्त्रीची स्वप्ने पाहण्यात तासन्‌तास जात, आणि संतांसारखे काही करून दाखवण्याच्या स्वप्नांतही तसेच तास जात. दोन्ही स्वप्ने गोड वाटत. पण पहिल्यामागून मन कोरडे होई आणि दुसऱ्यामागून प्रसन्न राही. आत्म्यांची पारख करण्याची जी विद्या आज जगभर साधनाशिबिरांतून शिकवली जाते, तिचा उगम एका रुग्णाच्या दिवास्वप्नांत आहे. तो रुग्णाईत वेळ गाळला, तर विद्याही कळत नाही.

आधुनिक काळात या वेळेचा सर्वांत विस्तृत लेखाजोखा आम्हांला आढळला तो अमेरिकन कथालेखिका फ्लॅनरी ओ'कॉनर हिच्या पत्रसंग्रहात. 'द हॅबिट ऑफ बीइंग' या नावाने तो १९७९ साली, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर १५ वर्षांनी, तिची मैत्रीण सॅली फिट्झगेराल्ड हिने संपादित केला. सेमिनरीत थॉमसचे तत्त्वज्ञान शिकलेल्यांना या शीर्षकातील 'हॅबिट' लगेच ओळखू येईल. तो लॅटिनमधील 'हाबितुस'. सरावाने अंगी मुरलेली आणि स्वभावच होऊन बसलेली पात्रता. नुसत्या 'सवयी'ने तो अर्थ पुरा होत नाही.

फ्लॅनरीचा जन्म २५ मार्च १९२५ रोजी, देवदूताच्या संदेशाच्या सणादिवशी, जॉर्जिया राज्यातील सव्हाना शहरात झाला. १९४१ साली तिचे वडील ल्यूपस या आजाराने वारले. आयोवा येथे लेखनाचे शिक्षण घेऊन ती उत्तरेकडे राहिली, मित्रमंडळ जमले, पहिली कादंबरी आकार घेऊ लागली. आणि १९५० च्या डिसेंबरात नाताळसाठी घरी येताना तिने अंथरूण धरले. वडिलांचाच आजार होता. आईने तो तिच्यापासून लपवला. संधिवात आहे असेच तिला सांगण्यात आले. खरे काय ते तिला १९५२ च्या उन्हाळ्यात सॅलीकडून कळले. तोवर मायलेकी मिलेजव्हिल गावाबाहेरच्या ५४४ एकरांच्या दुभत्या गुरांच्या शेतावर राहायला आल्या होत्या. जिना चढवत नाही म्हणून तळमजल्यावरच्या खोलीत तिची खाट आणि टाइपरायटर मांडला गेला. पुढची १३ वर्षे, मृत्यूपर्यंत, हेच तिचे जग होते.

पत्रांतून या जगाची दिनचर्या उभी राहते. सकाळी गावातील चर्चमध्ये मिस्सा, मग दोन-तीन तास लेखन, कारण त्याहून अधिक शक्ती शरीरात उरत नसे. दुपारी विश्रांती, ओसरीवर येणारी-जाणारी माणसे, टपाल, पाखरे. मिठाविना जेवण. गुरे, गडीमाणसे, हवा, आणि आईची हुकमी बोलणी, जी फ्लॅनरी अशी जशीच्या तशी उतरवते की वाचणाऱ्याला हसू आवरत नाही. तिला जी इंजेक्शने दिली जात ती डुकरांच्या ग्रंथींपासून तयार होत. आपण कोणाच्या जिवावर जगत आहोत याचा तिने केलेला उल्लेख विनोदीही आहे आणि कृतज्ञही. १९५५ च्या सुमारास कुबड्या आल्या, तेव्हा तिला कथीड्रलच्या भिंतींना बाहेरून दिलेले आधार आठवले. आपल्याकडे अशा जागी लेखक 'हा माझा क्रूस' असे लिहून मोकळा होतो. ते खोटे नसते. पण त्या वाक्यापाशी वाचक मान डोलावतो आणि पुढे जातो. कुबड्यांकडे पाहत तो थांबतो ते फ्लॅनरीपाशी.

या विनोदाला काही समीक्षक कोरडेपणा म्हणतात. आम्हांला ते पटत नाही. दुखण्याला त्याच्या मापापेक्षा मोठे होऊ न देण्याची ती रीत आहे. आणि ती तिला सोपी गेली असेही नाही; पत्रांत कधी कधी एखादे वाक्य मध्येच तुटते आणि ती एकदम कोंबड्यांविषयी बोलू लागते.

कोंबड्यांपासून मोरांकडे यायलाच हवे. पाखरांचा नाद तिला लहानपणापासून. पाच वर्षांची असताना तिच्याजवळ उलट्या पावली चालणारी कोंबडी होती आणि तिचे चित्रण करायला बातमीपटवाले घरी आले होते. आजारपणात, १९५२ साली, तिने फ्लोरिडातील एक जाहिरात पाहून मोराची जोडी आणि चार पिल्ले मागवली. ती रेल्वेने पेटाऱ्यातून आली. पुढे हे कुटुंब ४० च्या आसपास गेले. आईची फुले त्यांनी खाल्ली, अंजिरे खाल्ली, कुंपणाच्या खांबांवर बसून खांब वाकवले, आणि रात्रभर केकारव केला. याविषयी तिने १९६१ साली लिहिलेला निबंध आता 'द किंग ऑफ द बर्ड्स' या नावाने प्रसिद्ध आहे. एका छंदावर लिहिलेला इतका नेटका निबंध आमच्या वाचनात क्वचितच आला असेल. त्यात ल्यूपसचा उल्लेख नाही. मोर पिसारा केव्हा फुलवील हे त्याच्या मर्जीवर असते आणि पाहणाऱ्याने उभे राहून वाट पाहायची असते, एवढेच ती सांगते. पण हे सांगणारी बाई किती वाट पाहत बसलेली आहे, हे ठाऊक असलेला वाचक गप्प होतो.

मोर हा मूळचा आपल्या देशाचा पक्षी. आपल्या वाचकांना त्याचे अप्रूप नाही. मात्र ख्रिस्तसभेनेही त्याला फार पूर्वी आपलेसे केले, हे पुष्कळांना माहीत नसते. रोमच्या भूमिगत दफनस्थळांच्या भिंतींवर तो अमरत्वाची खूण म्हणून रंगवलेला आहे. संत ऑगस्टीन यांनी 'देवनगरी' या ग्रंथात लिहून ठेवले आहे की, कार्थेज येथे जेवणात आलेल्या मोराच्या मांसाचा तुकडा त्यांनी राखून ठेवला आणि तो वर्षभर कुजला नाही. फ्लॅनरीच्या 'द डिस्प्लेस्ड पर्सन' या कथेत एक म्हातारे धर्मगुरू शेतमालकिणीशी निर्वासित मजुराबद्दल बोलायला येतात आणि बोलता बोलता मोराचा पिसारा पाहून हरखून जातात. त्यांना येशूचे रूपांतर आठवते. मालकिणीला मात्र तो खाणारे आणखी एक तोंड वाटतो. अंगणातल्या छंदातून धर्मशास्त्र असे सहज उगवलेले आम्ही फार ठिकाणी पाहिलेले नाही.

पण घरच्या आजारपणावर तिने लिहिलेली खरी कथा म्हणजे 'द एन्ड्युअरिंग चिल', १९५८ सालची. ॲस्बरी नावाचा तरुण, लेखक होऊ न शकलेला, न्यूयॉर्कहून आईच्या शेतावर मरायला येतो. मरण त्याने फार सुंदर योजले आहे. आईने आपल्या पश्चात वाचावे म्हणून त्याने दोन वह्या भरून पत्र लिहिले आहे, जेणेकरून तिला जन्मभराची टोचणी लागावी. शेवटच्या घटकेला बुद्धिमान संभाषण करावे म्हणून तो एका येशुसंघीय धर्मगुरूंना बोलावतो. येतात ते एका डोळ्याने आंधळे, एका कानाने बहिरे फादर फिन. तो जॉइसविषयी विचारतो. फादर म्हणतात, या गृहस्थांची आपली गाठ पडलेली नाही. मग ते थेट सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेवर येतात आणि धर्मशिक्षणाच्या पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतात. आम्ही धर्मगुरू ही कथा वाचताना मोठ्याने हसतो आणि मग जरा दचकतो. शेवटी गावचा डॉक्टर निदान करतो: न तापवलेले दूध प्यायल्याने होणारा ताप. पुन्हा पुन्हा येईल, पण जीव घेणार नाही.

येथेच या कथेची धार आहे. ॲस्बरीला मरण मिळत नाही. त्याला मिळते ते घर, आई आणि उलटून येणारा ताप. त्याच्या खाटेवरच्या छतावर ओलीचा एक डाग आहे, चोचीत बर्फाचा सुळका धरलेल्या पक्ष्यासारखा. लहानपणापासून तो त्याला पाहत आलेला. शेवटच्या परिच्छेदात हा पक्षी हलू लागतो, आणि पवित्र आत्मा अग्नीच्या नव्हे तर बर्फाच्या रूपाने खाली उतरू लागतो. रुग्ण तासन्‌तास छताकडे पाहतो, हे ज्याने अंथरुणावर दिवस काढले आहेत त्यालाच लिहिता येते.

त्याच वर्षी नातलगाच्या आग्रहाने ती धर्मप्रांताच्या यात्रेबरोबर लूर्दला गेली. आपण यात्रेकरू म्हणून जातो, रुग्ण म्हणून नाही, असा तिचा हेका होता. तेथील पाण्यात ती उतरली, परंतु प्रार्थना केली ती हाडांसाठी नव्हे, अडलेल्या कादंबरीसाठी. पुढे अटलांटा येथील डोमिनिकन धर्मभगिनींनी तिला विनंती केली की, त्यांच्या कर्करुग्णालयात वाढलेल्या, १२ व्या वर्षी वारलेल्या मेरी ॲन या मुलीवर तिने कादंबरी लिहावी. तिने नकार दिला. जे तुम्ही पाहिले ते तुम्हीच लिहा, असे तिने भगिनींना सुचवले. आणि १९६१ साली त्यांच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. साध्वी बालकांच्या गोड चरित्रांविषयी तिला असलेला संशय त्या प्रस्तावनेत स्पष्ट आहे. आमच्या संपादकांनी ती वाचावी, असे आम्ही मुद्दाम सुचवतो. (तिला नियतकालिकांचे वावडे होते असे मात्र नव्हे. आपल्या धर्मप्रांताच्या पत्रांसाठी तिने शंभराहून अधिक परीक्षणे लिहिली आहेत.)

एक गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. तिच्या काही पत्रांत कृष्णवर्णीयांविषयी जे उद्गार आहेत ते ख्रिस्ती मनाला लाजवणारे आहेत. २०२० साली बाल्टिमोर येथील लोयोला विद्यापीठाने आपल्या वसतिगृहाला दिलेले तिचे नाव काढले. ज्या ओसरीने तिला माणसांचे बोलणे टिपणारा कान दिला, त्याच ओसरीचे पूर्वग्रहही तिने पुष्कळसे तसेच घेतले. कथांत ती गोऱ्या मालकिणींच्या अहंकाराची निर्दय चिरफाड करते. पत्रांत ती कधी त्यांच्याच पंक्तीला बसते. कथा पत्रांहून मोठ्या आहेत, असे आमचे मत यामुळेही झाले आहे.

१९६४ च्या फेब्रुवारीत एका शस्त्रक्रियेनंतर ल्यूपस उसळला. डॉक्टरांनी काम करण्यास मनाई केली, तेव्हा ती हस्तलिखित उशीखाली लपवून ठेवी. ३ ऑगस्ट १९६४ रोजी, वयाच्या ३९ व्या वर्षी, ती वारली. पत्रसंग्रह सुमारे ६०० पानांचा आहे. ज्यांना तो एकदम जड वाटेल त्यांनी मोरांवरील निबंधापासून आरंभ करावा. 'मिस्टरी अँड मॅनर्स' या १९६९ च्या पुस्तकात तो अगदी पहिलाच आहे. मग ॲस्बरीची कथा घ्यावी. पत्रे शेवटी घ्यावीत, आणि तीही रोज दोन-चार, टपाल यावे तशी.