सहा ही संख्या सम की विषम? : एका वर्गचर्चेची चिकित्सा

प्राथमिक शाळेतील गणिताच्या अध्यापनासंबंधी गेल्या काही दशकांत जे लेखन झाले, त्यात डेबोरा बॉल यांनी १९९३ साली ‘एलिमेंटरी स्कूल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाला विशेष स्थान आहे. मिशिगन राज्य विद्यापीठात काम करीत असतानाच बॉल या एका सार्वजनिक शाळेत तिसरीच्या वर्गाला रोज गणित शिकवीत असत. जानेवारी १९९० मध्ये त्या वर्गात झालेली एक चर्चा या निबंधात सविस्तर आली आहे. तिचा उल्लेख पुढे इतक्या ठिकाणी झाला की, मूळ वृत्तांत वाचण्याची आवश्यकताच अनेकांना वाटेनाशी झाली असावी. ती वाटावयास हवी. कारण उल्लेखांत जे मुख्य मानले जाते, ते वृत्तांतात तितकेसे मुख्य नाही.

निबंधात शॉन या नावाने येणारा मुलगा म्हणतो की, सहा ही संख्या सम आहे आणि विषमही असू शकते. सहा ही तीन जोड्यांची बनते, आणि तीन तर विषम. मराठी शाळेतील मुलाच्या भाषेत सांगावयाचे, तर ‘बे त्रिक सहा’ यातील ‘त्रिका’वर त्याने बोट ठेवले. शिक्षिकेने त्याचे विधान चूक म्हणून खोडून काढले नाही. वर्गात पूर्वी ठरलेल्या व्याख्येची आठवण मुलांना करून द्यावयास लावली. अर्धुकाचा आधार न घेता जिचे दोन सारखे भाग पडतात ती सम संख्या, अशी ती व्याख्या होती. सहा त्या व्याख्येत बसते हे शॉनलाही मान्यच होते. वाद मिटला नाही.

तेव्हा मेई नावाची मुलगी फळ्याशी गेली. तिने दहा वर्तुळे काढून त्यांच्या पाच जोड्या केल्या आणि विचारले की, मग दहालाही तू सम व विषम दोन्ही का म्हणत नाहीस? शॉन माघार घेईल अशी तिची अपेक्षा असावी. त्याने उलट तिचे आभार मानले आणि दहाही दोन्ही असल्याचे मान्य करून टाकले! त्यावर मेईने जे उत्तर दिले, ते या साऱ्या वृत्तांतातील सर्वांत मोलाचे विधान होय. असेच चालू ठेवले तर सर्वच संख्या सम आणि विषम ठरतील, आणि तसे झाले तर ही चर्चाच उरणार नाही, असा तिच्या म्हणण्याचा आशय आहे.

बॉल यांनी पुढे शॉनच्या कल्पनेला वर्गात नाव दिले. २, ६, १०, १४, १८ या ‘शॉन संख्या’ झाल्या. प्रत्येक चौथी संख्या तशी असते, दोन शॉन संख्यांची बेरीज शॉन संख्या होत नाही, अशी निरीक्षणे मुलांनी केली. निबंधाची कीर्ती या नामकरणावर उभी आहे. मुलाच्या विचाराचा शिक्षिकेने केलेला आदर, असे त्याचे वर्णन केले जाते. हे वर्णन खोटे नाही, पण अपुरे आहे. युक्लिडच्या सातव्या ग्रंथात सम पटीने विषम अशा संख्यांची व्याख्या आहे, आणि नवव्या ग्रंथात जिचा अर्धा भाग विषम असतो अशा संख्येविषयी स्वतंत्र सिद्धांत आहे. म्हणजे शॉनला जो वर्ग दिसला तो गणिताच्या इतिहासात जुनाच आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला तो स्वतःहून दिसावा, हे कौतुकास्पदच.

परंतु त्याच्या युक्तिवादात दोष होता, आणि तो दोष वृत्तांतात कोणीही नेमका सांगत नाही. ‘विषम’ हा शब्द त्याने जोड्यांच्या संख्येला लावला आणि नंतर मूळ संख्येवर चढविला. गुण कोणाचा, हा प्रश्न वर्गात विचारला गेला असता, तर नव्या नावाआधीच विचार एक पायरी वर गेला असता.

मेईचे म्हणणेही शब्दशः बरोबर नाही. ४, ८, १२ या संख्या शॉनच्या कसोटीला उतरत नाहीत, तेव्हा सर्वच संख्या दोन्ही होण्याचे भय नव्हते. तथापि तिच्या बोलण्यामागचे तत्त्व खोल आहे: जे वर्गीकरण वस्तूंना एकमेकींपासून वेगळे करीत नाही, ते वर्गीकरण नव्हे. महाराष्ट्रातील मुले चिंचोके मुठीत धरून ‘एकी की बेकी’ खेळत आली आहेत. मुठीतल्या सहा चिंचोक्यांना एकीही म्हणता आले, तर त्या डावात हरणार कोण? मेईचा आक्षेप नेमका हाच आहे. शॉनच्या संख्यांना नाव मिळाले. मेईच्या तत्त्वाला मिळाले नाही. चर्चेचा गौरव करणाऱ्या बहुतेक लेखनात कल्पना मांडणाऱ्याकडे जेवढे लक्ष जाते, तेवढे खंडन करणाऱ्याकडे जात नाही, याचे हे बोलके उदाहरण मानावे लागेल.

नव्या नावामुळे मुलांचा गोंधळ होईल ही शंका बॉल यांनाही होती, आणि ती त्यांनी लपविली नाही. निबंधाचा हा प्रांजळपणा दुर्मिळ आहे. पुढे घेतलेल्या चाचणीत सम आणि विषम संख्यांची दोन परस्परांना छेदणारी वर्तुळे देऊन काही संख्या त्यांत लिहावयास सांगितल्या होत्या. ९० ही त्यांपैकी एक. पंचेचाळीस जोड्यांची म्हणून ती शॉन संख्याच. पण एकाही मुलाने ती दोन्ही वर्तुळांच्या सामाईक भागात लिहिली नाही. बॉल यांना यात दिलासा वाटला. त्याच उत्तरपत्रिकांचा दुसराही अर्थ संभवतो: नाव शॉनचे राहिले, तरी वर्गाने निर्णय मेईच्या बाजूने दिला होता.