ठासणीच्या रायफलींच्या नळ्यांवरील मूळ झिलई : एका रूढ गृहीतकाची चिकित्सा

प्रस्तावना

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात, विशेषतः लँकेस्टर परिसरात, जर्मनभाषक कारागिरांनी अठराव्या शतकात घडविलेली लांब नळीची ठासणीची रायफल पुढे 'केंटकी रायफल' या नावाने प्रसिद्धीस आली. जॉन डिलिन (1924) आणि जो किंडिग (1960) यांच्या ग्रंथांनी तिला कलावस्तू म्हणून प्रतिष्ठा मिळवून दिली. दस्त्यावरील कोरीव काम, पितळी जडाव व कारागिरांच्या स्वाक्षऱ्या यांचा या परंपरेत बारकाईने विचार झाला. त्या मानाने नळीच्या पृष्ठभागाकडे दुर्लक्ष झाले आणि 'जुनी नळी म्हणजे तपकिरी नळी' हे गृहीतक संग्राहकांत व दुरुस्ती करणाऱ्यांत रूढ झाले. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. हा प्रश्न केवळ रंगाचा नाही. या गृहीतकाच्या आधारे नळी नव्याने रंगविली गेली, की तिच्यावरील ऐतिहासिक पुरावा कायमचा नष्ट होतो.

झिलईचे प्रकार

त्या काळी नळीचा पृष्ठभाग प्रामुख्याने तीन प्रकारे पूर्ण करीत. पहिला प्रकार चकचकीत नळीचा. कानशीने सपाट केलेले व घासून उजळलेले लोखंड तसेच ठेवीत आणि तेलाने त्याचे रक्षण करीत. दुसरा प्रकार उष्णतेने निळेपणा आणण्याचा. कोळशात सुमारे 300 अंश सेल्सिअसपर्यंत तापविलेल्या लोखंडावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो व तो निळा दिसतो. हा थर सुंदर असला तरी नाजूक असतो आणि हाताळणीने लवकर झिजतो. तिसरा प्रकार तपकिरी झिलईचा. आम्ले व क्षार यांच्या द्रावणाने नळीवर मुद्दाम गंज चढवीत, सैल गंज ब्रशने झाडून काढीत आणि ही क्रिया अनेक दिवस पुनःपुन्हा करीत. शेवटी गंजण्याची क्रिया थांबवून नळीस तेल वा मेण लावीत. असाच चढविलेला गंज पाण्यात उकळल्यास त्याचे काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होते व नळी निळसर काळी होते. दाहक सोडा व नायट्रेट यांच्या सुमारे 140 अंशांच्या द्रावणात नळी बुडविण्याची पद्धत मात्र विसाव्या शतकातील आहे. जुन्या रायफलीवर अशी झिलई आढळल्यास ती नंतरची समजावी.

नावावरून काढलेले अनुमान

तपकिरी नळीच्या समर्थनार्थ ब्रिटिश पायदळाच्या 'ब्राउन बेस' या बंदुकीच्या नावाचा दाखला दिला जातो. कालक्रम पाहता तो टिकत नाही. फ्रान्सिस ग्रोस यांच्या 1785 मधील बोलीभाषेच्या कोशात हे नाव नोंदलेले आहे. उलट, पायदळाच्या बंदुकांच्या नळ्या तपकिरी करण्याची सर्वसाधारण प्रथा 1815 च्या सुमारास सुरू झाली. तत्पूर्वी त्या घासूनपुसून चकचकीत ठेवीत. म्हणजे नाव आधीचे आणि झिलई नंतरची. नळीच्या रंगाने या नावाचा उलगडा होत नाही आणि नावाने नळीचा रंगही सिद्ध होत नाही. 1800 च्या सुमारास ब्रिटिश सैन्यात आलेल्या बेकर रायफलीची नळी तपकिरी होती हे खरे. परंतु एका विशिष्ट शस्त्राविषयीचे हे विधान त्याआधीच्या सर्व रायफलींना लागू करणे तर्कदुष्ट ठरते.

'मूळ' या संज्ञेतील संदिग्धता

'मूळ झिलई' ही संज्ञाही वाटते तितकी सरळ नाही. अमेरिकी सैन्याची 1841 ची 'मिसिसिपी' रायफल कारखान्यातून तपकिरी नळीसह बाहेर पडे. 1855 नंतर तिचे .58 इंच व्यासात रूपांतर करताना अनेक नळ्या चकचकीत करण्यात आल्या. 1857 च्या काडतुसांमुळे भारतीय वाचकास परिचित असलेल्या 1853 च्या एन्फिल्ड रायफलीची नळी निळी असे. मात्र अमेरिकी यादवी युद्धात (1861-65) काही सैनिकांनी ती झिलई घासून काढली, कारण त्यांच्या स्प्रिंगफील्ड बंदुका चकचकीत होत्या. अशा नळीस आज पुन्हा तपकिरी वा निळी करणे म्हणजे कारखान्याचा क्षण परत आणण्यासाठी वापराचा इतिहास पुसून टाकणे होय.

पुराव्याची परीक्षा

दस्त्याने झाकलेला नळीचा खालचा भाग मूळ झिलईचा उत्तम साक्षीदार मानला जातो. परंतु या साक्षीसही मर्यादा आहेत. न दिसणाऱ्या भागावर कारागीर कमी श्रम घेई. तेथे भट्टीतील काळी पापडीही शिल्लक राहू शकते. म्हणून झाकलेल्या भागाचा रंग उघड्या भागावर सरसकट आरोपित करता येत नाही.

प्रयोगशाळेचा पुरावाही स्वयंसिद्ध नाही. रामन वर्णपटमितीने गंजातील निरनिराळी खनिजे ओळखता येतात. तथापि, तपकिरी झिलई हा मुळात नियंत्रित गंजच असल्याने केवळ घटकांवरून कारागिराने चढविलेला गंज व काळाने चढविलेला गंज यांत भेद करणे कठीण जाते. त्यासाठी थराची एकसंधता, त्याखालील खड्डे आणि कानशीच्या रेषांची स्थिती यांचा एकत्रित विचार करावा लागतो. कानशीच्या बारीक रेषा स्पष्ट असून थर सलग असेल, तर तो हेतुपूर्वक दिलेला असण्याची शक्यता वाढते. खोल खड्ड्यांवरही सारखाच रंग पसरलेला असेल, तर नंतरच्या रंगकामाचा संशय घ्यावा लागतो.

संधारणाचा विचार

चेझारे ब्रांदी यांनी 1963 मध्ये संधारणाचा सिद्धांत मांडताना वस्तूचे सौंदर्यमूल्य व इतिहासमूल्य या दोहोंचा विचार आवश्यक मानला. 1964 च्या व्हेनिस सनदेनुसार अनुमान सुरू होते तेथे पुनःस्थापना थांबली पाहिजे. सनद वास्तूंविषयीची असली, तरी तिचे तत्त्व नळीसही लागू पडते. किंबहुना येथे धोका अधिक आहे. वास्तूत घातलेला नवा दगड काढता येतो, घासून काढलेला ऑक्साइडचा थर परत येत नाही.

निष्कर्ष

1. अठराव्या शतकातील रायफलींच्या सर्व नळ्या मुळात तपकिरी होत्या हे विधान पुराव्याने सिद्ध होत नाही. चकचकीत व निळ्या नळ्यांची शक्यता प्रत्येक वेळी तपासली पाहिजे.
2. आजचा तपकिरी रंग हा कारागिराचा हेतू, काळाचा परिणाम वा विसाव्या शतकातील दुरुस्ती यांपैकी काहीही असू शकतो.
3. संग्रहालयाच्या नोंदीत 'तपकिरी झिलई' आणि 'तपकिरी पृष्ठभाग' हे भिन्न शब्दप्रयोग योजावेत. पहिला हेतूचा निर्णय देतो, दुसरा केवळ निरीक्षण नोंदवितो.
4. सक्रिय गंज रोखणे हे संधारकाचे कर्तव्य आहे. नळीस नवा रंग देणे नव्हे.

आपल्याकडील संग्रहांतील ठासणीच्या बंदुका स्वच्छ करण्यापूर्वीही हाच विवेक बाळगणे इष्ट ठरेल.