हॅमस्टरचे मूत्रपिंड आणि अनुमानाची मर्यादा

मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे प्रवर्तक व निरोधक पदार्थ यांविषयीच्या संशोधनात हॅडली कर्कमन यांच्या १९५९ च्या ग्रंथाचे महत्त्व निर्विवाद आहे. नर सीरियन हॅमस्टरास दीर्घकाळ इस्ट्रोजेन दिल्यास त्याच्या मूत्रपिंडात अर्बुदे उद्भवतात; प्रोजेस्टेरॉन सोबत दिल्यास त्यांस अटकाव होतो. या निरीक्षणांविषयी आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो त्यांवर उभारलेल्या अनुमानाविषयी.

याच आधारावर लंडनच्या ब्लूम यांनी मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे औषध रुग्णांवर योजिले व ते पुढे कित्येक वर्षे रूढ राहिले. परंतु १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत ते केवळ तुलनेपुरते उरले होते : इंटरफेरॉन घेणारांचा मध्यक जीवनकाल ८.५ महिने, तर हे औषध घेणारांचा ६ महिने भरला.

असे का व्हावे? हॅमस्टरचे अर्बुद इस्ट्रोजेनजन्य असते. मानवी मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या सर्वांत सामान्य प्रकारात मात्र, १९९३ साली शोधलेल्या व्हीएचएल जनुकाचा बिघाड बहुधा मुळाशी आढळतो. अवयव एक, म्हणून रोगही एक, असे मानणे हाच येथील तर्कदोष होय. निरोधकाची परीक्षा करण्यापूर्वी प्राण्यातील व मानवातील रोगाचे कारण एकच आहे काय, हे संशोधकाने तपासले पाहिजे. अन्यथा प्रयोगशाळेतील यशाचे मोल रुग्णास द्यावे लागते.