पहिल्या घटनादुरुस्तीची वाक्यरचना

अमेरिकेच्या राज्यघटनेतील पहिल्या दुरुस्तीने नागरिकांना धर्म, भाषण, मुद्रण, सभा व शासनाकडे दाद मागणे यांबाबतचे स्वातंत्र्य 'दिले', असे मराठीत सर्रास लिहिले जाते. १५ डिसेंबर १७९१ रोजी अंमलात आलेल्या त्या ४५ शब्दांच्या इंग्रजी वाक्यात मात्र 'देणे' या अर्थाचे क्रियापदच नाही.

त्या वाक्याचा कर्ता 'काँग्रेस', म्हणजे संघराज्याचे विधिमंडळ, हा आहे. आणि अमुक प्रकारचा कायदा त्याने करू नये, एवढेच तेथे सांगितले आहे. भाषणस्वातंत्र्याच्या उल्लेखापूर्वी निश्चयवाचक उपपद येते. त्यावरून ते स्वातंत्र्य पूर्वसिद्ध मानलेले दिसते. शब्दांची निवडही सूक्ष्म आहे. धर्माचरणास 'मनाई' करू नये असे म्हटले आहे, तर भाषण, मुद्रण व सभा यांबाबत 'संकोच' या अर्थाचा शब्द योजला आहे. त्यामुळे पूर्ण बंदीच नव्हे, तर अंशतः काटछाटही निषिद्ध ठरते.

परंतु या रचनेचे बळ जेथे आहे, तेथेच तिचे वैगुण्यही आहे. कर्ता एकच असल्याने निषेधही त्याच्यापुरताच राहिला. सदसद्विवेकाच्या व मुद्रणाच्या स्वातंत्र्याबाबत घटक राज्यांवरही बंधन घालणारे कलम जेम्स मॅडिसन यांनी १७८९ मध्ये सुचविले होते. सेनेटने ते वगळले. हक्कांची सनद राज्यांना लागू नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १८३३ मध्ये दिला. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीच्या आधारे भाषण व मुद्रण यांचे संरक्षण राज्यांविरुद्धही आहे, हे त्याच न्यायालयाने १९२५ मध्ये गृहीत धरले. आणि खुद्द काँग्रेसनेही १७९८ मध्ये शासनाविरुद्धच्या खोट्या व बदनामीकारक लेखनास शिक्षा सांगणारा कायदा केलाच होता.

भारतीय संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाची घडण याहून निराळी आहे. नागरिकांस हक्क असेल, हे विधान तेथे आधी येते. निर्बंध पुढील खंडांत येतात. १९५१ च्या दुरुस्तीने भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांची कारणे वाढविली, तशीच ते निर्बंध 'वाजवी' असावेत ही अटही घातली. या घडणीची सवय असलेल्या वाचकास 'दिले' हा शब्द खटकत नाही.

तरीही अमेरिकन वाक्यापुरता तो अर्थविपर्यास होय. देणारा मानला की परत घेण्याचा अधिकारही त्याच्याकडे असल्याचे सूचित होते, आणि मूळ रचनेत नेमकी हीच कल्पना टाळलेली आहे. 'संरक्षिले' हे क्रियापद अधिक यथार्थ ठरेल. मात्र कोणापासून संरक्षिले, हेही त्याच वाक्यात सांगितले पाहिजे.